हात वर न करणारी मुलं

जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि पुढच्या काही वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये डिजिटल वर्गांची लाट आली. कुठे ग्रामस्थांनी लोकवर्गणी काढली, कुठे माजी विद्यार्थ्यांनी पदरमोड केली, आणि प्रोजेक्टर, टॅब, मोठे पडदे शाळेत आले. ती उमेद खरी होती. तिची थट्टा करण्याचं कारण नाही. पण फीत कापून झाल्यावर वर्गात नेमकं काय बदललं, असं विचारलं की बहुधा एकच उत्तर येतं : मुलं आता रमतात. रमू देत की. मात्र पडद्यावरची फिरती सूर्यमाला आ वासून पाहणाऱ्या मुलाला दर अमावास्येला ग्रहण का होत नाही हे सांगता येईलच, अशी हमी कोणी देणार नाही. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचंही तेच. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांच्या या प्रयोगाचं मोल मोठं आहे, २०२० च्या ग्लोबल टीचर प्राइझने ते जगापुढेही आणलं. पण नुसता कोड धडा मुलापर्यंत नेतो, मुलाला काय कळलं ते परत शिक्षकापर्यंत आणत नाही. माझं म्हणणं या परतीच्या वाटेबद्दल आहे. बोट लावल्यावर पडदा हलतो म्हणून तंत्रज्ञान संवादी ठरत नाही. वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यात आत्ता काय चाललंय ते शिक्षकाला कळलं, आणि कळल्यावर त्याने पुढची पाच मिनिटं वेगळी वापरली, तरच ते संवादी.

याला आधार आहे. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांच्या लक्षात आलं, की आपले विद्यार्थी सूत्रं वापरून अवघड गणितं सोडवतात, पण बलाविषयी आकडेमोड नसलेला साधा प्रश्न आला की गडबडतात. १९९१ पासून त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवून एक प्रश्न टाकायला सुरुवात केली. आधी प्रत्येकाने न बोलता आपापलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचा प्रयत्न करायचा, आणि मग पुन्हा उत्तर द्यायचं. पहिल्या फेरीत साधारण ३५ ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर ही चर्चा सर्वांत फळते. त्याहून कमी आली तर मुद्दा पुन्हा शिकवायचा, जास्त आली तर पुढे जायचं. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. विद्यार्थ्यांना असं सतत उत्तर द्यायला लावणाऱ्या वर्गांमध्ये संकल्पनांची समज नुसत्या व्याख्यानाच्या तुलनेत सुमारे दुपटीने वाढलेली दिसली. आणि यंत्रवाल्यांनी भिंतीवर लावून ठेवावा असा निष्कर्ष नॅथॅनियल लॅसरी यांचा : २००८ मध्ये त्यांनी हीच पद्धत एका गटात हातातल्या रिमोटने आणि दुसऱ्यात साध्या कार्डांनी चालवून पाहिली, तर शिकण्यात लक्षणीय फरक पडला नाही. काम पद्धतीने केलं होतं.

मग तंत्रज्ञान हवंच कशाला? हा आक्षेप रास्त आहे, आणि मराठी शाळेला तर तो अधिकच शोभतो. तोंडी हिशेब घालून ‘पाट्या वर करा’ म्हणणारे गुरुजी हेच करत होते. प्रत्येकाचं उत्तर एकाच वेळी समोर यायचं. पण पाटीनंतर वही आली आणि वर्गात हात वर करण्याची रीत उरली. तिच्यात पहिल्या बाकावरचा हात वर जातो, त्याच्याकडे बघून दुसऱ्या बाकावरचे जातात, आणि मागे बसलेली मुलगी अभ्यासात कच्ची आहे की नुसती लाजते, हे वर्षअखेरीपर्यंत कळत नाही. इथे एक अगदी स्वस्त साधन कामी येतं. प्लिकर्सच्या कार्डावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची आकृती असते, प्रत्येक मुलाची वेगळी. चार बाजूंना चार पर्यायांची अक्षरं इतकी बारीक छापलेली असतात, की शेजाऱ्याला वाचता येऊ नयेत. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. शिक्षक आपला फोन वर्गावरून फिरवतो आणि कोणी काय उत्तर दिलं ते त्याला दिसतं. मुलांच्या हाती एकही यंत्र नाही. समजा, पाचवी-सहावीच्या वर्गात प्रश्न आहे : ०.४५ मोठा की ०.८? बरीच मुलं ०.४५ म्हणतात, कारण ४५ हे ८ पेक्षा मोठे. ज्यांचं उत्तर बरोबर आलं त्यांच्यातही काही जण ‘दशांश शतांशापेक्षा मोठा, म्हणून एकच अंक असलेली संख्या मोठी’ एवढ्याच समजुतीवर तरलेले असतात. लगेच ०.३ आणि ०.४२ विचारा, की ही दुसरी टोळी उघडी पडते. दोन प्रश्नांत दोन वेगळे गैरसमज आणि ते कोणाचे, हे हाती येतं. चाळीस पाट्यांवर नजर फिरवून हे टिपणं आणि आठवड्याने आठवणं फार थोड्या शिक्षकांना जमेल.

दुसरा आक्षेप असा, की चर्चेत हुशार मुलगा उत्तर सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला दिला, तर त्यातही सुधारणा दिसली. आधी बरोबर उत्तर कोणालाच येत नव्हतं अशा गटांतही वाद घालून समज वाढल्याची चिन्हं होती. हे विद्यापीठातले विद्यार्थी होते हे खरं, पण शेजाऱ्याशी हुज्जत घालण्यात आपली पाचवीची मुलं कोणाला हार जाणार नाहीत.

स्पर्धेच्या खेळांबद्दल मात्र मी साशंक आहे. कहूटसारख्या खेळात घड्याळ टिकटिकतं, लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण आणि पडद्यावर विजेत्यांची नावं. वर्ग दणाणून जातो खरा. पण मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात. तो थांबा तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, अधिक मुलं बोलू लागतात. घाईवर बक्षीस ठेवणारं साधन ते तीन सेकंदही हिरावून घेतं, आणि पहिल्या बाकाचं राज्य नव्या पडद्यावर परत येतं.

उरला आक्षेप अभ्यासक्रमाचा आणि शिक्षकाच्या वेळेचा. पोर्शन कसा पुरा होणार? आधीच शाळाबाह्य कामं, वर माहिती भरायची ॲप्स. हे सगळं मान्य. म्हणूनच पैसा यंत्रावर कमी आणि शिक्षकावर जास्त लागायला हवा. पेरूमध्ये ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात मुलांना लॅपटॉप देऊनही गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. उलट दिल्लीत माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरने शाळेनंतरच्या केंद्रांत साडेचार महिन्यांत गणितातली प्रगती तुलनेच्या गटापेक्षा दुपटीहून अधिक करून दाखवली. तिथे सॉफ्टवेअर मुलाच्या इयत्तेकडे न पाहता त्याला येतं तिथून सुरुवात करत होतं, आणि निम्मा वेळ छोट्या गटात माणूस शिकवत होता. ‘पोर्शन पुरा झाला’ याचा अर्थ शिक्षकाचं बोलून झालं, एवढाच असेल तर तो पुरा झाला काय आणि राहिला काय.

दिवाळी अंक वाचणाऱ्यांपैकी अनेक जण आपल्या गावच्या शाळेला कधी ना कधी देणगी देतात. त्यांना एक विनंती. पुढचा स्मार्ट पॅनेल घेण्याआधी गुरुजींना विचारा, गेल्या आठवड्यात मुलांच्या उत्तरांमुळे तुम्ही कोणता धडा पुन्हा घेतलात? कोणताच नसेल, तर पॅनेल राहू द्या. कार्डांची छपाई करून द्या, केंद्रातल्या चार शिक्षकांना एकत्र बसून चांगले प्रश्न काढायला महिन्यातून एक दुपार मिळेल अशी सोय करा, आणि शाळेचं थकलेलं वीजबिल तेवढं भरून टाका.