कान्होबांच्या वाट्याची खते

वारकऱ्याने आपल्या दुखण्यावर किती खर्च करावा आणि देहाची काळजी किती घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता परमार्थाचा नव्हे, घरखर्चाचा वाटतो. परंतु आमच्या पारशिवनीच्या बाजूला तो सप्ताहाच्या मांडवात निघतो, दिंडीची नावे लिहून घेताना निघतो आणि एकादशीच्या दिवशी चुलीपाशीही निघतो. बहुधा त्याचे उत्तर एका वाक्यात दिले जाते : "देह नाशवंत आहे, त्याचे एवढे कवतिक कशाला?" वाक्य खोटे नाही. पण ज्याला उद्देशून ते बोलले जाते तो माणूस जन्माचा दुखणाईत असला, तर ते त्याच्या काळजात कुठे जाऊन बसते, इकडे बोलणाऱ्याचे लक्ष नसते. म्हणून या विषयाचा थोडा विचार करावा असे आम्हाला वाटले.

जन्माचा दुखणाईत असे आम्ही म्हणालो ते उगीच नव्हे. आमचा तालुका नागपूरच्या उत्तरेस, पेंच नदीच्या काठचा. वरच्या अंगाला जंगल, खाली नवेगाव-खैरीच्या धरणाचे पाणी, मधल्या पट्ट्यात धान आणि कापूस. या भागात, किंबहुना साऱ्या पूर्व विदर्भात, सिकलसेल हा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे. आदिवासी बांधवांत आहे, अनुसूचित जातींत आहे, इतर समाजांतही आहे. मध्य भारतातल्या या दोषाची नोंद नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली केली. आजार अर्थातच त्याच्या कितीतरी आधीचा. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असाव्यात, त्या या आजारात विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. चांगली पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही दहा-वीस दिवसांत मोडते. त्यामुळे अशक्तपणा कायमचा, डोळ्यांत पिवळेपणा, आणि मधूनच हाडांत, सांध्यांत, छातीत अशी कळ उठते की तरणा गडी जमिनीवर लोळतो. कळ ओसरली की चार दिवसांनी तोच पारावर बसलेला दिसतो. मग लोक म्हणतात, "परवा त मरत होता, आज पाहा कसा हिंडून रायला! सोंग आहे बाप्पा सारं!" तापाला थर्मामीटर आहे, मोडलेल्या हाताला पट्टी आहे, या कळेला दाखवायला काहीच नाही.

आता या घरचा जमाखर्च पाहा. गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. रक्त लागले तर अशा रुग्णाला सरकारी रक्तपेढीतून ते मोफत द्यावे असा नियम आहे. मग पैसा जातो कुठे? तो नागपूरला मेडिकलमध्ये नेण्या-आणण्यात जातो, सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीत जातो, त्याच्या दोन वेळच्या जेवणात जातो. आणि सगळ्यात मोठा घाला पडतो तो रोवणीच्या दिवसांत. वरून पाऊस, पायाखाली गार चिखल, दिवसभर कंबरेत वाकलेले. मजुरी मिळण्याचे दिवस ते हेच आणि कळ उठण्याचे दिवसही हेच. म्हणजे ज्या महिन्यात मिळकत थांबते त्याच महिन्यात खर्च उभा राहतो. धडधाकट माणसाने केलेला हिशेब या घराला लागूच पडत नाही. त्यातच श्रावणातला सप्ताह येतो, वर्गणीची वही दारात येते, आणि डब्यात नागपूरच्या फेरीसाठी ठेवलेले चारशे रुपये असतात. ते द्यावेत की ठेवावेत? ठेवले तर "देवापेक्षा देह मोठा झाला" असे कोणी तोंडावर म्हणत नाही. पण त्या माणसाला ते ऐकू येते.

येथे आम्हाला तुकोबारायांच्या चरित्रातला एक प्रसंग सांगावासा वाटतो. तो सर्वांच्या परिचयाचा आहे, पण त्याचा अर्धा भागच आपण सांगतो. महाराजांच्या घरी सावकारी होती, कुळांची खते होती. दुष्काळाने घर उद्ध्वस्त केले. पत्नी रखमाबाई गेल्या, मुलगा संतू गेला. पुढे वैराग्य बाणले तेव्हा महाराजांनी ती खते इंद्रायणीच्या डोहात सोडली. येथपर्यंतची कथा कीर्तनात रंगते, टाळ्या पडतात. पण बुडवण्याआधी काय झाले? परंपरा सांगते की धाकट्या बंधूंना, कान्होबांना, संसार करायचा होता. तेव्हा महाराजांनी खतांचे दोन वाटे केले, कान्होबांचा वाटा कान्होबांच्या हाती दिला आणि आपला तेवढाच डोहात टाकला. एवढा विरक्त पुरुष. सगळीच खते बुडवली असती तर कोण अडवणार होते? पण दुसऱ्याचा वाटा बुडवणे हे त्यांनी वैराग्य मानले नाही.

आमच्या मते दुखणाईत वारकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर या दोन वाट्यांत आहे. डब्यातले ते चारशे रुपये त्याच्या एकट्याच्या वाट्याचे नाहीत. ते गेले आणि मध्यरात्री कळ उठली, तर गाडीभाडे बायको शेजाऱ्याकडून उसने आणते, ते फेडायला मुलगा शाळा बुडवून कामावर जातो. म्हणजे वर्गणीच्या पावतीवर नाव बापाचे आणि खत बुडाले लेकराचे. असे दान विठ्ठलाला पोचते काय? पोचत नाही, असे आम्ही नम्रपणे पण स्पष्ट म्हणतो. ज्या देवाला पुंडलिकाने मायबापाची सेवा उरकेपर्यंत विटेवर थांबायला सांगितले, आणि जो थांबला, त्या देवाची ही घाई नव्हे. घाई वहीवाल्याची आहे.

या विचाराला दुसरी धारही आहे. तीही सांगितली पाहिजे. दुखण्यापायी घरादाराचा वाटा बुडवण्याचा अधिकार दुखणाईतालाही नाही. "मुळापासून काढतो" म्हणणारा कोणी बुवा, कोणी जडीबुटीवाला भेटतो. त्याच्यासाठी बैल विकला जातो, सावकाराकडून कर्ज निघते. सिकलसेल हा आईबापांकडून आलेला आजार आहे. ताईत बांधून किंवा मुळी उगाळून त्या पेशी गोल होत नाहीत. संत गाडगेबाबा १९५६ साली देह ठेवीपर्यंत गावोगाव हेच बजावीत राहिले की देवाच्या नावाने कर्ज काढू नका, नवसाला बकरे कापू नका. त्यांच्याच नावाच्या धर्मशाळेत आजही मुंबईला दादरमध्ये कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसे उतरतात. नवसाचा पैसा आणि दुखणाईताचे अंथरूण, यांतले काय देवाजवळ जाते, याचा निर्णय बाबांनी आपल्या परीने केव्हाच देऊन ठेवला आहे.

प्रारब्धाची गोष्ट मात्र जरा सावकाशीने घ्यावी लागेल, कारण तिने आईबापांची मने जळतात. "मागच्या जन्मीचं काही असन" असे शेजारीण सहज बोलून जाते. वस्तुस्थिती अशी : हा दोष एका बाजूनेच आला तर माणूस केवळ वाहक असतो, बहुधा त्याला काही होत नाही. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलामागे चारांत एक अशी आजाराची शक्यता असते. आणि हा दोष जंगलपट्ट्यातच का टिकून राहिला, याचे कारण शास्त्रज्ञांनी शोधले आहे. ज्याच्या रक्तात याचा एकच वाटा असतो त्याला हिवतापाच्या मारक प्रकारापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणजे ज्या गुणाने आमच्या आजे-पणज्यांना रानातल्या हिवतापातून तारले, तोच दोन्हीकडून एकत्र आला की नातवाला छळतो. यात पाप कुठे आले? प्रारब्ध हा शब्द आम्ही टाकून देत नाही. तो सोसण्याचे बळ देतो. पण तो स्वतःच्या दुखण्याविषयी स्वतःशी बोलायचा शब्द आहे. दुसऱ्याच्या लेकराकडे बोट करून तो उच्चारला की त्याची शिवी होते. लग्न जुळवताना गुण मोजतात तसे दोन्हीकडचे रक्त तपासून घ्यावे, एवढे मात्र आम्ही प्रत्येक घराला हात जोडून सांगतो. ती तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

आता एकादशी. आपल्या संप्रदायात तुळशीची माळ, एकादशी आणि पंढरीची वारी यांना तडजोड नाही, असे आपण मानतो आणि ते योग्यच आहे. परंतु काहीजण निर्जळी करतात. सिकलसेलच्या माणसाला पाणी कमी पडले की रक्त दाटते, पेशी वाकतात, कळ उठते. पहाटेच्या गार पाण्याच्या स्नानानेही तेच होते. मग त्याने व्रत सोडावे का? तशी गरजच नाही. व्रताचा भंग ज्यांनी होत नाही अशा आठ गोष्टी जुन्या धर्मशास्त्रात सांगितल्या आहेत. त्यांत पाणी आहे, फळ आहे, दूध आहे आणि औषधही आहे. तेव्हा तांब्याभर पाणी पिऊन, वेळेवर गोळी घेऊन, ऊन पाण्याने अंघोळ करून एकादशी करणारा मनुष्य अर्धा वारकरी नव्हे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर देहाला उगीच जाच करणारे लोक देहात वसणाऱ्या भगवंतालाच जाचतात, असा अभिप्राय आहे. शास्त्राने जी मुभा दिली ती आपण शेजाऱ्याला नाकारावी, हा कुठला कडकपणा?

आणि वारीचे म्हणाल, तर वारीइतका काटेकोर जमाखर्च आम्ही दुसरीकडे पाहिला नाही. प्रस्थानाच्या कितीतरी आधी दिंडीची भिशी जमते, शिधा भरला जातो, तंबू, पाण्याचा टँकर, मालमोटार, सगळ्यांचे ठरते. या तजविजीला कोणी अश्रद्धा म्हणत नाही. माउलींच्या सोहळ्याला हैबतबाबांनी जी शिस्त घालून दिली तीत चालणे आहे तसा विसावाही आहे. दिवसात ठरल्या जागी पालखी थांबते. पुण्यात मुक्काम लांबतो, दिवे घाट चढून सासवडला आले की पुन्हा लांबतो. साक्षात माउलींची पालखी विसावा घेते आणि आमचा दुखणाईत भाऊ रोवणीत बांधावर पाच मिनिटे टेकला की त्याला आळशी म्हणतात! घरातही दिंडीसारखेच करावे. मजुरी आली की आधी दुखण्याच्या डब्यात ठरलेला वाटा जावा, थोडा का होईना, आणि त्या डब्याला सणावाराला हात लागू नये. बचत गटातल्या बायांना हे सांगावे लागत नाही. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आणाव्यात. कामाची वाटणी करताना चिखलातले काम दुसऱ्याकडे आणि धुऱ्यावरचे, सावलीतले याच्याकडे, असे मुकादमाशी उघड बोलून घ्यावे. दुखणे लपवले की मजुरी टिकते असे वाटते, पण पहिल्याच कळेला ती जाते.

जे हक्काचे आहे ते मागायला लाज धरू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटीच्या मार्फत या रुग्णांसाठी आयुष्य वेचले आणि त्यांना २०१८ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. प्रमाणपत्र काढावे, एस. टी. ची सवलत घ्यावी, दवाखान्याच्या योजनेचे कार्ड काढून ठेवावे. कित्येक भाविक मंडळींना हे भीक मागितल्यासारखे वाटते. पण दिंडीच्या पंगतीत बसताना कोणी लाजतो काय? तेथे आज वाढणारा उद्या पानावर बसतो. सरकारी तिजोरीत मीठमिरचीच्या करातून आपलेही पडलेलेच असते.

राहता राहिली घरातली बाई. पुरुषाचे दुखणे सगळ्या गावाला कळते. तिचे दुखणे "अंग दुखून रायलं" एवढ्यावर मिटते. घरातला डबा तीच सांभाळते आणि स्वतःसाठी त्यातून तीच काढत नाही. तिला हा आजार असला तर बाळंतपणात जिवावर बेतते. चरित्रकार म्हणतात, रखमाबाईंना दम्याचा विकार होता. तुकोबारायांच्या घरातही बारमाही दुखणे होते, ही गोष्ट कीर्तनात फारशी येत नाही. यायला हवी, म्हणजे मांडवात मागे बसून दम कोंडून घेणाऱ्या बायांना थोडा धीर येईल.

ज्यांना पंढरपूर झेपत नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे धापेवाडा आहे. कोलबास्वामींच्या त्या विठ्ठलाच्या पायथ्याशीही चंद्रभागाच वाहते, आणि आषाढीनंतर देव पंढरीहून तिथे येतो अशी विदर्भाची श्रद्धा आहे. जे चालू शकतात त्यांच्यासाठी दिंडीप्रमुखांना आमची एक विनंती. यंदा नावे लिहून घेताना वहीत एक रकाना वाढवावा : कोणाला कोणते दुखणे, कोणती गोळी, घरी निरोप द्यायचा तर कोणाला. गाडीत दोन जागा थकलेल्यांसाठी राखाव्यात आणि पाण्याची कळशी चालणाऱ्यांच्या हाताशी असावी. आणि जो गाडीत बसेल त्याला "काहून बसला?" असे कोणी विचारू नये, हे विणेकऱ्यांनी पहिल्याच मुक्कामाला सांगून टाकावे.