प्रभूच्या मेजावर पंक्तिप्रपंच?

आजचे वाचन: करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ११, ओवी १७ ते ३४



उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या मंडळीत प्रभुभोजन. म्हणून आजचं मनन त्याच विषयावर. आधी वरचा भाग एकदा स्वतः वाचून घ्या, मोबाईलवर वाचलात तरी चालेल. पण ओवी २३ पासून सुरू करू नका. आपल्याला चर्चमध्ये ऐकून ऐकून तेवढाच भाग पाठ असतो. आज १७ पासून वाचा.

मी हे लिहितोय ओझरहून. इथे एका बाजूला एचएएलचा विमानांचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागा. बागांतली कामं करायला सुरगाणा, पेठकडून मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्यातली काही कुटुंबं विश्वासणारी आहेत. हंगामात ती आमच्या लहानशा मंडळीत येऊन बसतात, बहुतेक वेळा मागच्या सतरंजीवर.

गेल्या फेब्रुवारीची गोष्ट. पहिला रविवार होता आणि भक्तीनंतर प्रीतिभोजनही ठेवलं होतं. वाढण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. भक्ती साडेनऊला सुरू झाली, अकराच्या सुमारास प्रभुभोजन झालं, ट्रेवर पांढरा रुमाल पडला आणि आम्ही जेवायला बसलो. पावणेबाराला दारात सुरगाण्याकडचं एक कुटुंब उभं. दादा, वहिनी आणि दोन मुलं. बागेत काढणी चालू होती. माल उन्हं चढायच्या आत क्रेटमध्ये भरून पॅकहाऊसला जावा लागतो, मग रविवार असो की सोमवार. काम उरकून, हातपाय धुऊन ते चालत आले होते.

तोवर बिर्याणीतलं मटण संपलं होतं. खाली भात उरला होता. मी काय म्हणालो असेन? "दादा, जरा उशीर झाला ना. भात आहे, वाढू का?"

दादा हसून म्हणाले, "राहू द्या भाऊ, आम्ही आणलंय." आणि त्यांनी भिंतीला टेकून फडकं सोडलं. नागलीची भाकर आणि लसणाची चटणी. मी तिथेच रिकामं पातेलं घेऊन उभा. वहिनींनी विचारलं, "तुम्ही जेवला का?" मी वाढत होतो, त्यामुळे खरंच जेवलो नव्हतो. त्यांनी अर्धी भाकर मोडून माझ्या हातात दिली. मी खाल्ली. तेव्हा एवढंच वाटलं की चांगली माणसं आहेत.

आठवड्याने नेहमीच्या वाचनात करिंथकरांचं पत्र आलं. ओवी २१ वाचली आणि पुढे जाताच येईना.

करिंथमध्ये काय चाललं होतं?

पौलाने हे पत्र साधारण इसवी सन ५५ च्या आसपास इफिसहून लिहिलं. अभ्यासक सांगतात की आपल्या हातातल्या शुभवर्तमानांपेक्षा हे पत्र आधीचं आहे. म्हणजे प्रभुभोजनाविषयी लिहून ठेवलेला सगळ्यात जुना मजकूर हाच. आणि तो लिहिला गेला कशामुळे? भांडणामुळे! प्रभुभोजन कसं करावं हे शिकवायला पौल बसला नव्हता. ते बिघडलं होतं म्हणून त्याला लिहावं लागलं.

तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या. मंडळी कुणाच्या तरी घरी जमायची, साहजिकच ज्याचं घर मोठं त्याच्याकडे. भाकर आणि प्याला हे एका पूर्ण जेवणाचा भाग होते. आता लक्षात घ्या, तेव्हा रविवारची सुट्टीही नव्हती. ती रोमी साम्राज्यात कॉन्स्टंटाइनने ३२१ मध्ये दिली. त्याआधी दास आणि मजूर दिवसभर राबून मगच येऊ शकत. ज्यांचा वेळ स्वतःच्या हातात होता, ते लवकर येत आणि सुरू करत. मागाहून येणारा येईपर्यंत एकजण तर्र झालेला आणि दुसरा उपाशी. पौल स्पष्ट म्हणतो की याला प्रभूचं भोजन म्हणताच येणार नाही. प्रार्थना होती, भाकर होती, प्याला होता. तरीही नाही!

आपल्या मराठीत या पापाला नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसवायचं, पण आपल्या माणसाच्या पानात तूप आणि परक्याच्या पानात नुसता भात. आपल्याकडे सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. लग्नातल्या साध्या पंगतीत आपण जे पाळतो, ते करिंथकरांनी प्रभूच्या मेजावर पाळलं नाही. आणि मीही.

"अयोग्य रीतीने" म्हणजे काय?

ओवी २७ मुळे पुष्कळ तरुण प्रभुभोजनापासून लांब राहतात. मला मेसेज येतात: "दादा, या महिन्यात मी पडलो, मी योग्य नाही, म्हणून ट्रे पुढे सरकवला." मित्रांनो, नीट वाचा. पौल अयोग्य माणसाविषयी बोलत नाहीये, अयोग्य रीतीविषयी बोलतोय. योग्य माणसालाच तिथे जागा असती तर त्या रात्री वरच्या माडीवर कोण बसलं असतं? काही तासांत नाकारणारा पेत्र तिथे होता. पळून जाणारे बाकीचे होते. प्रभूला सगळं ठाऊक होतं, तरी भाकर मोडली गेली.

मग अयोग्य रीत कोणती? ती आधीच्याच ओव्यांत सांगितली आहे: ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाजवणं. ओवी २९ मध्ये पौल "शरीर" ओळखण्याविषयी बोलतो. त्यात वधस्तंभावर दिलेलं प्रभूचं शरीर आहेच. पण याच पत्राच्या दहाव्या अध्यायात तो सांगून गेलाय की भाकर एक आहे, म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. आणि बाराव्या अध्यायात त्याच शरीराचे अवयव समजावतो. म्हणजे भाकर हातात घेऊन डोळे मिटायचे आणि शेजारी कोण बसलंय, कोण अजून आलेलं नाही याची दखलच घ्यायची नाही, हेसुद्धा शरीर न ओळखणं आहे.

आत्मपरीक्षा करा असं तो म्हणतो, ते खाऊ नका म्हणून नाही. परीक्षा करा आणि मग खा, असा क्रम आहे. पापाची जाणीव झाली आहे? कबूल करा आणि या. कुणाशी बिघडलं आहे? फोन करा आणि या.

"सहभागिता" या शब्दामागे मूळ ग्रीक शब्द आहे कोइनोनिया. त्यात भागीदारी आहे, वाटून घेणं आहे. भाकर आणि प्याल्यात ख्रिस्त कसा उपस्थित असतो यावर कॅथलिक बांधवांची शिकवण वेगळी, आपली वेगळी. पण मिस्सा म्हणा, प्रभुभोजन म्हणा, ख्रिस्ताशी भागी आणि भावाशी फारकत अशी सोय कुणालाच नाही.

हे जुनं दुखणं आहे

करिंथ फार लांब वाटत असेल तर आपल्या देशाकडे बघा. तंजावर आणि मद्रासकडच्या जुन्या मंडळ्यांत ख्रिस्ती झालेले लोकही जातीप्रमाणे वेगळे बसत आणि प्रभुभोजनाला जातीच्या क्रमाने पुढे येत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र लिहून हा भेद कायमचा सोडायला सांगितलं. तेव्हा कितीतरी लोकांनी जात सोडण्याऐवजी मंडळी सोडली! तारणाचा संदेश चालत होता, एकत्र जेवणं चालत नव्हतं.

आणि आपल्या नाशिकच्या लक्ष्मीबाई टिळक. जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, माहेर कडक सोवळ्याचं. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या तरी सुरुवातीला आपलं पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवत. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना मला थांबवतं ते हे, की त्याआधीच त्यांच्या मनाने जातिभेद माणसाने केलेला आहे हे ओळखलं होतं आणि कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं होतं. बाप्तिस्म्याच्या पाण्याआधी त्यांनी शेजारणीच्या हातचं पाणी स्वीकारलं. आपल्यापैकी कितीजणांचा क्रम उलटा आहे? बाप्तिस्मा लहानपणीच झाला, शेजारी मात्र अजून स्वीकारायचाय.

तुम्ही म्हणाल, आमच्या चर्चमध्ये जात वगैरे कुणी विचारत नाही. मीही हेच म्हणायचो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या कामात डॅशबोर्ड हिरवा दिसला की सगळे खूश. पण ज्याची रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही, तो त्या डॅशबोर्डवर दिसतच नाही. त्या रविवारी आमचा डॅशबोर्ड हिरवा होता. गाणी छान झाली, संदेश छान झाला, बिर्याणी छान झाली. ज्यांनी पहाटेपासून द्राक्षं काढली, त्यांच्यापर्यंत द्राक्षरसाचा प्याला मात्र पोहोचला नाही. कुणी त्यांना अडवलं नव्हतं. आम्ही फक्त थांबलो नाही.

मग काय करायचं?

पौलाचा उपाय इतका साधा आहे की आपण तो वाचून पुढे जातो. ओवी ३३: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. तिथल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ स्वागत करणं असाही होतो. वाट पाहा आणि आल्यावर जवळ घ्या. एवढंच!

मी पाळकसाहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चूक तुझ्या एकट्याची नाही, वेळ मी ठरवतो." आता हंगामात प्रभुभोजन भक्तीच्या अगदी शेवटी, बारानंतर होतं. काहींनी कुरकुर केली, मुलांना भूक लागते म्हणून. मुलांना आधी बिस्किटं देतो.

पण त्या दादांची माफी मागायची राहून गेली. मी बागेवर गेलो तेव्हा काढणी संपवून टोळी पुढच्या गावी निघून गेली होती. मला त्यांचं आडनावसुद्धा माहीत नव्हतं. एका मेजावरचे आम्ही, आणि नावही विचारलं नव्हतं.

आता ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली आहे आणि टोळ्या परत आल्यात. उद्या ते येतील की नाही माहीत नाही. आले तर आधी माफी मागेन आणि मग त्यांच्या शेजारी, सतरंजीवर बसेन. त्या फेब्रुवारीत मी ट्रेमधली भाकर घेतली होती आणि वहिनींच्या हातची नागलीचीही. प्रभूचं शरीर ओळखायला मला दुसरीनं शिकवलं.

उद्या तुमच्या हातात भाकर येईल तेव्हा घाई करू नका. आधी मागे वळून बघा. कोण अजून दारात आहे?

प्रार्थना: प्रभू येशू, तू आमच्यासाठी मोडला गेलास आणि आम्ही तुझ्याच मेजावर आमचं-तुमचं केलं. आम्हाला क्षमा कर. जो स्वतःला अयोग्य समजून लांब बसलाय त्याला तू जवळ बोलाव, आणि ज्याला आम्ही लांब बसवलंय त्याच्याजवळ आम्हाला ने. तू येशील तोपर्यंत एकमेकांची वाट पाहायला आम्हाला शिकव. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.

आजची कृती: तुमच्या मंडळीत नेहमी उशिरा येणाऱ्या एका व्यक्तीला आज फोन करा. उशीर का होतो ते विचारा, रागवू नका. आणि नाव माहीत नसेल, तर उद्या आधी नाव विचारा.

प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो.