अमानत

परभणी, जिंतूर, पाथरीकडच्या आम्हा हनफी घरांत मुलींची सुंता ऐकिवात नाही. म्हणून विषय निघाला की आम्ही 'आमच्यात नाही ते' म्हणून मोकळे होतो. पण मुंबईतल्या आणि तिथून परदेशी गेलेल्या दाऊदी बोहरा कुटुंबांत साधारण सात वर्षांच्या मुलीचा खतना पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. सात वर्षांची म्हणजे दुसरीतली मुलगी. तिला सहलीला न्यायचे तर आम्ही पालकांची सही घेतो. मग इथेही मर्जी पालकांचीच. त्यात इतरांचे काय गेले?

यतीमाचा वली त्याचा माल सांभाळतो आणि मूल जाणते झाले की तो त्याच्या हवाली करतो. आपल्या मर्जीने त्यातला हिस्सा कापून घेण्याचा अधिकार त्याला नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. माल जर अमानत, तर लेकीचे अंग काय?

समर्थक म्हणतात, इवलीशी तर त्वचा, मुलांचीही काढतोच. वैद्यकशास्त्र ही तुलना मानत नाही. एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी पुरुषांच्या सुंतेचा उपयोग जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मान्य केला. मुलींच्या बाबतीत तिला एकही फायदा दिसलेला नाही. दिसतात ते रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीचा त्रास, पुढे संबंधाच्या वेळची वेदना आणि मनात बसलेली दहशत. परदेशी गेलेल्या बाईला तर हे डॉक्टरला सांगतानाही जीभ रेटत नाही. लाज असतेच, शिवाय आपल्याच आईवर खटला भरला जाईल ही धास्ती.

'इस्लामशी संबंधच नाही' असे म्हणूनही सुटता येत नाही. कुरआनात याचा उल्लेख नाही, आणि अबू दाऊद यांनी आपल्या संग्रहातली यासंबंधीची हदीस स्वतःच जईफ म्हटली आहे. पण शाफई फिकहच्या ग्रंथांत ते आवश्यक मानले आहे, आणि बोहरा 'दआइम अल-इस्लाम'चा आधार देतात. इजिप्तमध्ये २००७ साली बारा वर्षांची मुलगी यात दगावली, तेव्हा अल-अझहरच्या उलेमांनी याला शरीअतचा आधार नाही असे जाहीर केले. तिच्या आधी कितीजणी गेल्या असतील!

२०१६ मध्ये सिडनी, लंडनसारख्या शहरांतल्या बोहरा जमातींनी पत्रे काढली: देशाचा कायदा पाळा, खतना करू नका. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लहानशी जखमही गुन्ह्यात मोडते असा कायद्याचा अर्थ लावला. म्हणजे सिडनीत राहणाऱ्या मुलीला जे माफ, ते मुंबईतल्या तिच्या मावसबहिणीला लागू. तिथे सोडता येते ते इथे का सुटत नाही? आपल्या सर्वोच्च न्यायालयात २०१७ साली याचिका आली, २०१८ मध्ये ती घटनापीठाकडे गेली, २०१९ मध्ये शबरीमलाच्या प्रश्नांबरोबर आणखी मोठ्या पीठाकडे. स्वतंत्र कायदा अजून नाही.

उरते ती बदनामीची भीती. मुसलमानांवर टपून बसलेल्यांच्या हाती कोलीत कशाला द्यायचे? भीती खोटी नाही, पण जुनी आहे. हमीद दलवाईंनी १९६६ साली मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला, तेव्हापासून ती तलाकच्या प्रश्नावरही ऐकवली गेली. मासूमा रानालवींसारख्या बोहरा स्त्रिया २०१५ पासून नाव लपवता बोलत नाहीत, उघडपणे बोलतात. जमातीच्या बहिष्काराची टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर आहे. आमच्या डोक्यावर तीही नाही.