दिवाळं निघालेला वाणी

अपयश आलेल्या माणसाला धीर देताना हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं: देवानं हे मुद्दामच घडवलं, तुला घडवण्यासाठी. सत्संगात ऐकू येतं, मोबाइलवर सकाळी सकाळी येतं. मग दाखल्याला तुकोबांना उभं केलं जातं. ज्यांचं दुकान बुडालं आणि म्हणून ज्यांना विठ्ठल भेटला, ते तुकोबा. यातल्या ‘म्हणून’पाशी मी अडतो.

तुकोबांच्या घरात महाजनकी होती, सावकारी होती. वडील गेले, आई गेली, वहिनी गेल्यावर थोरले बंधू सावजी घर सोडून निघून गेले. त्यानंतर आला तो 1630च्या सुमाराचा दख्खनचा भीषण दुष्काळ. त्यात धंदा बसला, पत गेली आणि पहिली बायको रखमाबाई अन्नान्न करत गेली. परंपरा सांगते, मुलगाही गेला. यातला मुख्य वृत्तांत तुकोबांनी स्वतःच्या आत्मकथनपर अभंगात दिला आहे, आणि तो देताना कुठेही गळा काढलेला नाही. लाज वाटली, दुःखाने त्रासलो, व्यवसायात तोटा आला, एवढंच. पुढची ओळ मात्र चकित करते. त्यांना देव दिसला नाही. पडझड झालेलं देऊळ दिसलं, आणि ते नीट करावं असं मनात आलं.

मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. आधी देवळाची डागडुजी. मग एकादशीचं कीर्तन, तेही मन लागत नसताना. मग संतांची वचनं पाठ करणं, दुसऱ्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरणं, अंग झिजवून कुणाच्या उपयोगी पडणं. स्वप्नातला गुरूपदेश आणि कवित्वाची स्फूर्ती त्यानंतर. पत गेलेल्या वाण्यानं टाळकऱ्याची जागा घेतली, ती कुणी साक्षात्काराचं आश्वासन दिलं होतं म्हणून नव्हे.

इंद्रायणीत तुकोबांचे कागद दोनदा गेले. पहिल्यांदा, परंपरेनुसार, कर्जखतं. धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची त्याला देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची पाण्यात सोडली. दुष्काळात स्वतः नागवला गेलेला सावकार कुळांना मोकळं करतो, ही घटना मला कुठल्याही चमत्काराहून मोठी वाटते. (कान्होबानं आपली ठेवून घेतली याबद्दल परंपरा त्याला नावं ठेवत नाही, हेही छान.) दुसऱ्यांदा गेल्या अभंगांच्या वह्या, विरोधकांच्या दडपणाखाली. खतांसाठी तुकोबा काठावर घटकाभरही थांबले नाहीत. वह्यांसाठी मात्र देवाच्या दारात धरणं धरून बसले.

धरणं हा त्या काळी वसुलीचा मार्ग. लोकांची देणी माफ करणारा हा माणूस देवाला मात्र सोडत नाही. गाथेत त्यानं देवाला काय काय म्हणून घेतलं नाही! आपल्या लेखी देव मेला असं सुनावणारा अभंगही आहे. वारकऱ्यांनी तो गाळला नाही. ज्याच्याशी असं भांडता येतं तो जवळच असला पाहिजे, एवढं त्यांना कळत होतं.

दिवाळं, दुष्काळ, तोंडाळ बायको, लोकांतली बेअब्रू या सगळ्यांबद्दल ‘बरं झालं’ म्हणणारा अभंग अर्थात आहेच, आणि दाखले देणारे त्यावरच विसंबतात. पण तो मागे वळून म्हटलेला आहे, आणि ज्यानं सोसलं त्यानं स्वतःपुरता म्हटलेला आहे. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या अंगणात उभं राहून तिसऱ्यानं तो म्हणायचा नसतो. रखमाबाईच्या वतीनं तर तो म्हणताच येत नाही. तिची उपासमार हा तुकोबांच्या शिक्षणातला एक धडा होता, असं मानायचं झालं, तर तो देव मला सावकाराहून कठोर वाटेल.

आणि तुकोबांची दुसरी बायको जिजाई? घरात दाणा नसताना डोंगरावर नवऱ्याची भाकरी घेऊन जाणारी, त्या काळ्या विठ्ठलाच्या नावानं बोटं मोडणारी. तिला या साऱ्यात काही ‘बरं’ दिसल्याचं कुणी नोंदवलेलं नाही. तरी कथाकारांना तिला रिकाम्या हातानं परतवणं जमलं नाही. चढणीवर तिच्या पायात काटा रुततो आणि तो उपसायला विठ्ठल येतो, अशी गोष्ट त्यांनी सांगितली. त्यासाठी तिला आधी शिव्या मागे घ्यायला लावल्या नाहीत.