पाचवे कारण

जानेवारीच्या दुसऱ्या तारखेची पहाट होती. मुरबाडहून सिद्धगडाकडे निघालेली आमची जीप म्हसे मागे टाकून नारिवलीच्या वाटेला लागली आणि चहाच्या एका टपरीपाशी जी थांबली ती पुन्हा चालू होईना. त्या दोन तासांच्या खोळंब्यात एका जुन्या प्रश्नाने मला जे धरले, ते आजपावेतो सोडलेले नाही.

बर्फ हा आपल्या मुलखाचा विषय नव्हे. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठच्या गवतावर दव गोठले, तर तेवढ्याचीही वर्तमानपत्रांतून बातमी होते. लडाखकडे चाकरी केलेल्या मराठी जवानांना विचारावे म्हणजे कळते, की तेथे डिझेलातले मेण थिजून नळ्या तुंबतात आणि हिवाळ्यापुरते निराळ्या प्रतीचे इंधन पुरवावे लागते. आमच्याकडे हिम नसले तरी दहिवर असते. सह्याद्रीच्या भिंतीखाली रात्रभर साचून राहिलेला गारठा, भाताच्या खाचरांतल्या वाळल्या धसांवर चकाकणारे थेंब आणि जीपच्या काचेवर बोटाने नाव लिहावे इतका दाट ओलावा, एवढे त्या पहाटे होते. आणि आधीच म्हाताऱ्या झालेल्या एका बॅटरीला तेवढे पुरेसे होते.

चालकाने किल्ली फिरवली. आतून दोनदा घरघर झाली, तिसऱ्यांदा नुसती टिकटिक. आमच्याबरोबर मुरबाडचे एक वयोवृद्ध गृहस्थ होते. आम्ही सारे त्यांना आबा म्हणत असू. दरवर्षी न चुकता सिद्धगडावर हजेरी लावणारा हा भाविक माणूस. ते हात जोडून म्हणाले, "नाट लागला. देवाच्या मनात नाही, माघारी फिरू." चालक मात्र बॉनेट उघडून वाकला होता. "आबा, देवाचं मग बघू, आधी हे बघा," असे म्हणून त्याने बॅटरीच्या टोकांवर साचलेली हिरवट-पांढरी बुरशीसारखी खपली दाखवली, टपरीवाल्याकडून गरम पाण्याचा तांब्या मागून घेतला आणि बारीक धारेने ती खपली धुऊन काढू लागला. पाणी पडले की फसफस होई, वाफ निघे आणि खालचे शिसे काळसर उघडे पडे. वायरीच्या चिमट्याची आतली बाजू त्याने पत्र्याच्या तुकड्याने खरवडली, नट आवळला, किल्ली फिरवली. यंत्र एक घेर फिरले आणि थांबले.

आबांचे म्हणणे मला खोडून काढावेसे वाटले नाही, पण पटलेही नाही. अडथळा आला म्हणजे ती ईश्वरेच्छा, असे ज्या सहजतेने आपण म्हणतो, त्या सहजतेत भक्ती किती आणि चौकशी टाळण्याची सोय किती, हे तपासणे मला धर्माचेच काम वाटते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे गणली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे क्रिया, आणि पाचवे दैव. दैवाचा क्रम पाचवा आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पहिल्या चार साक्षीदारांची जबानी घेतल्यावाचून पाचव्याच्या नावाने निकाल देणारा न्यायाधीश आपण कोणत्याही कचेरीत क्षणभर सहन करणार नाही. देवाच्या बाबतीत मात्र असला निकाल आपण नित्य देतो आणि त्याला श्रद्धा म्हणतो.

आणि हे पाचवे तरी काय आहे? रामानुजाचार्य त्या शब्दाने अंतर्यामी परमात्माच घेतात. शंकराचार्यांचा अर्थ निराळा आहे: नेत्रादी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता, म्हणजे डोळा पाहतो तो सूर्याच्या कृपेने, ती कृपा म्हणजे दैव. ज्ञानेश्वरांनीही आपल्या टीकेत इंद्रियांच्या या अधिष्ठात्या देवतांचा विस्तार केला आहे. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त शेतीचा दाखला दिला आहे: पीक केवळ शेतकऱ्याच्या यत्नाने येत नाही, जमीन, बी, पाणी, खत, बैल यांचे गुणधर्म त्याच्या साहाय्याला यावे लागतात, आणि सृष्टीच्या अशा व्यापारांपैकी जे आपणांस अज्ञात राहतात त्यांचे नाव दैव. या अर्थांत भेद आहे खरा. पण कपाळावर आधीच लिहून ठेवलेला, यत्नाची टर उडवणारा जो हुकूम आपण दैव या शब्दाने समजतो, तो यांपैकी एकाच्याही विवरणात मला सापडत नाही. दैव हे येथे कर्माच्या पाच कारणांतले एक कारण आहे, कर्माविरुद्ध उभा राहिलेला फिर्यादी नव्हे. आता आमच्या जीपचेच पाहा: डिझेलचे यंत्र ठिणगीने पेटत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते. थंडीत तेल घट्ट होते, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, गार धातू ती उष्णता शोषून घेतो. तिला त्या पहाटे कमी पडला होता तो शंकराचार्यांचा आदित्यच.

एवढे मनात जुळवून मी स्वस्थ होतो, तोच आबांनी जो प्रश्न विचारला त्याने माझे सगळे स्वास्थ्य गेले. ते म्हणाले, "मग भाईंच्या वेळी देव कुठं होता?"

भाई म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला त्यांचा जन्म झाला. पुढे ते वकील झाले, शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यपेढी काढली, शाळा चालवल्या, आणि बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता उभारून मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाईंनी तिशी ओलांडून जेमतेम महिना झाला होता.

आबांना मी उत्तर दिले ते आजही तसेच देईन. नेत्रांना पाहू देणारा सूर्यप्रकाश रानात लपलेल्यांना वाट दाखवतो आणि नेम धरणाऱ्यालाही लक्ष्य दाखवतो. आदित्याचा अनुग्रह पक्ष घेत नाही. हे क्रूर वाटेल, पण याच्या उलट मानले तर त्याहून क्रूर गोष्ट मानावी लागते, की त्या दोघांचा वध ही देवाची तजवीज होती. तसे मानायला माझे मन घेत नाही. त्या मृत्यूचे अधिष्ठान एक परकी राज्यसत्ता होती, कर्ते माणसे होती, साधने बंदुका होत्या, क्रिया गोळ्या झाडण्याची होती. ही चार कारणे इतकी उघड असताना पाचव्याच्या आड त्यांना लपवणे म्हणजे मारणाऱ्यांना दोषमुक्तीचा दाखला देणे होय. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण मग हात कुणापुढं जोडायचे?" यावर माझ्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते.

सिद्धगडाच्या पायथ्याला ऊन उशिरा पोहोचते, कारण पूर्वेला घाटमाथ्याची भिंत आडवी आहे. आठ वाजून गेल्यावर उन्हाची पट्टी खाचरे ओलांडीत जीपच्या बॉनेटवर आली. चालकाने ती आणखी अर्धा तास तशीच तापू दिली. मग टपरीवाला, म्हशाच्या बाजाराकडे बैल घेऊन निघालेले दोघे शेतकरी आणि मी असे चौघे मागे लागलो. "उताराला लावा, मंग सुटंल," एक शेतकरी म्हणाला. गाडी उताराला लागली, चालकाने क्लच सोडला, यंत्राने काळा धूर ओकला आणि ते सुरू झाले. आबा रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी आधी डोंगरामागून वर आलेल्या सूर्याला नमस्कार केला, आणि मग तेच जोडलेले हात त्या दोघा अनोळखी शेतकऱ्यांकडे वळवले.

आम्ही पोहोचलो तेव्हा हुतात्म्यांना मानवंदना होऊन गेली होती. स्मारकावरच्या झेंडूच्या माळांतले दहिवर अजून वाळले नव्हते.