परतफेडीवाचून पश्चात्ताप अपुरा



यरीहोच्या उंबरावर चढलेला जक्कय आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण त्याचे चित्र रंगवले आणि त्याच्या ठेंगणेपणाला हसलोही. पण संत लूकच्या शुभवर्तमानातील या प्रसंगाचा (१९:१-१०) गाभा झाडावर नाही, तो जक्कयच्या घरात आहे. तिथे बोलणे निघते ते पैशाचे.

जक्कय मुख्य जकातदार होता. ठरलेल्या करापेक्षा जास्त उकळायचे आणि वरचे स्वतःच्या पदरात टाकायचे, ही त्या धंद्यातली जुनी खोड. म्हणूनच तर योहान बाप्तिस्ता जकातदारांना नेमून दिले तेवढेच घ्या, असे बजावतो (लूक ३:१२-१३). येशू घरी आला तेव्हा जक्कय नुसता गहिवरला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट, असा शब्द त्याने दिला. स्वतःहून अपराध कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढेच मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले होते (गणना ५:६-७). जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला. या शब्दानंतर प्रभूने त्या घराला तारण लाभल्याचे जाहीर केले.

जक्कयने दोन हिशेब वेगळे ठेवले, हे आपण नीट पाहू या. गरिबांना दिले ते दान. फसवलेल्याला दिले ते दान नव्हे, ते त्याचेच होते. आपण मात्र पुष्कळदा या दोन्हींची गल्लत करतो. वर्षभर मजुराची रोजी कापून घ्यायची आणि सणाला चर्चला भरघोस देणगी द्यायची, काटा मारून कमावायचे आणि नोव्हेनाला मोठी मेणबत्ती लावायची, असे केल्याने हिशेब मिटत नाही. ज्याचे घेतले, त्याच्या घरची चूल अजून थंडच असते.

चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर घरफोड्या येतो. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातील यादी मात्र आपल्या फार जवळची आहे. सातव्या आज्ञेखाली, परिच्छेद २४०९ मध्ये, व्यापारातील लबाडी, अन्यायी मजुरी, कर चुकवणे, खोटी बिले, उधळपट्टी आणि वाईट रीतीने केलेले काम ही सारी एकाच रांगेत बसवली आहेत. मेडिकलचे खोटे बिल, हजेरी लावून घरी जाणे, फाईल पुढे सरकवण्यासाठी घेतलेली चिरीमिरी, मोलकरणीचा अडवून ठेवलेला पगार हे सगळे त्यात आले. ‘सगळेच करतात’, ‘कंपनीला काय कमी आहे’, ‘सरकारचेच तर आहे’ ही वाक्ये आपण इतक्यांदा ऐकतो की ती आपल्याला आज्ञेइतकी पक्की वाटू लागतात.

मग कोणी म्हणेल, ‘आम्ही प्रायश्चित्त संस्कार घेतला, पाप धुतले गेले.’ पापाची क्षमा खरोखर होते, यात शंका नाही. पण त्याच ग्रंथातील परिच्छेद १४५९ सांगतो की पापाने केलेले नुकसान शक्य तेवढे भरून काढणे आपल्यावर बंधनकारक राहते. चोरलेले परत करावे, बदनाम केलेल्याचे नाव पुन्हा स्वच्छ करावे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्याला प्रभू येशूने आधी भावाकडे धाडले (मत्तय ५:२३-२४), तेही याचसाठी.

हे जड जाते. लाज वाटते, नोकरीची भीती वाटते. डब्लिनच्या मॅट टॅल्बट (१८५६-१९२५) या मजुराचे जीवन इथे धीर देते. तरुणपणी दारूच्या नादात त्याने आणि मित्रांनी रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या एका गरिबाचे व्हायोलिन चोरून विकले होते. १८८४ साली त्याने दारू सोडली. पुढे त्याने त्या वादकाचा खूप शोध घेतला. तो सापडला नाही, तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करायला पैसे दिले. लाकडाच्या वखारीत राबणाऱ्या या माणसाला पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली ‘आदरणीय’ घोषित केले.

परतफेडीची वाट आपल्यालाही मोकळी आहे. चावडीवर जाऊन स्वतःची अब्रू घालवावी, असे ख्रिस्तसभा सांगत नाही. पैसे गुपचूप पाठवता येतात, दुसऱ्याच्या हाती देता येतात. मूळ मालक हयात नसेल तर त्याच्या वारसांना आणि त्याचा पत्ताच लागत नसेल तर गरिबांना द्यावे. एकदम जमत नसेल तर हप्त्याने द्यावे. कसे करावे ते कळत नसेल तर प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी फादरांना विचारावे. आणि ज्याची मजुरी थकली आहे, त्याला ती उद्या नव्हे, आजच द्यावी. मजुराचा पैसा सूर्य मावळण्याआधी चुकता करा, हे अनुवादाच्या पुस्तकातले फर्मान (२४:१४-१५) अजून रद्द झालेले नाही.

आज मिस्साहून घरी परतल्यावर आपण क्षणभर शांत बसू या आणि स्वतःला विचारू या: आपल्या घरात असे काही आहे का, जे दुसऱ्याचे आहे? असेल तर ते ज्याचे त्याला पोहोचवू या. जक्कयच्या घरी पाहुणा म्हणून गेलेला प्रभू आपलेही दार ठोठावत आहे. त्याला आत घेताना काही लपवावे लागू नये, एवढी कृपा आपण त्याच्याकडे मागू या. आमेन.