आधी कागद, मग हरीण

नीतीचा विचार करताना आपण नेहमी मोठ्या प्रश्नापासून सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच थांबतो. शिकार करावी की करू नये, यावर आपल्याकडे हवे तेवढे बोलून झाले आहे. पण जो शिकारीला निघालाच आहे, त्याने बंदुकीच्या तोंडाशी कोणता चोक बसवावा, हा प्रश्न आपण कारागिरावर सोपवून मोकळे होतो. त्यात नीतीचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. मला वाटते, संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

मी एक शाळामास्तर. बंदूक कधी हाती धरली नाही आणि धरण्याची इच्छाही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची हरणाची हौशी शिकार बंद केली, याचे मला समाधानच आहे. पण माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत, आयोवा प्रांतात, स्थायिक झाला आहे. तिथे हरणाच्या शिकारीचा ठरलेला हंगाम असतो, परवाना असतो, आणि मारलेल्या हरणाचे मांस घरी नेऊन खातात. शेजारच्या शेतकऱ्याने त्याला बरोबर बोलावले. त्याने मला फोनवर विचारले ते 'जाऊ का?' असे नव्हे. तो म्हणाला, "सर, चार जण चार चोक सांगतात. कोणाचे ऐकू?" या प्रश्नापायी मी वाचू लागलो.

छर्ऱ्यांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. बारा बोअरच्या नळीचा व्यास सुमारे ०.७२९ इंच. तिच्या तोंडाशी केलेला किंचित अरुंदपणा म्हणजे चोक. फुल चोक नळीला इंचाच्या सुमारे ३५ ते ४० सहस्रांशांनी आवळतो, मॉडिफाइड सुमारे २०, इम्प्रूव्हड सिलिंडर सुमारे १०, आणि सिलिंडर मुळीच नाही. पाखरावर बार टाकताना तोंड आवळलेले बरे, कारण छर्रे दूरवर एकत्र राहतात. हरणासाठी मात्र स्लग, म्हणजे शिशाची एकच जाड गोळी वापरतात. १८९८ साली जर्मनीत ब्रेनेके यांनी अशी एक गोळी घडवली आणि १९३१ साली अमेरिकेत फॉस्टर यांनी दुसरी. फॉस्टर यांची गोळी मागून पोकळ असते. बॅडमिंटनच्या फुलासारखे तिचे डोके जड, म्हणून ती सरळ जाते. तिच्या अंगावरच्या तिरप्या कडा अरुंद तोंडातून जाताना दबतात, त्यामुळे ती आवळलेल्या नळीतूनही निघते. पण निघणे वेगळे आणि नेमक्या जागी पोहोचणे वेगळे. म्हणून जाणते सांगतात, सिलिंडर किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर लावा, फुल टाळा. प्लास्टिकच्या वेष्टनातल्या सॅबो गोळीला तर आतून आटे पाडलेली नळीच हवी.

इथे उत्तर संपायला हवे होते. पण तेच जाणते पुढे म्हणतात की प्रत्येक नळीचा स्वभाव निराळा. एकाच कारखान्यातल्या दोन बंदुका एकाच काडतुसाशी दोन तऱ्हेने वागतात. तेव्हा ५० यार्डांवर कागद लावावा, बंदूक टेकवून तीन गोळ्या झाडाव्या, चोक बदलावा, पुन्हा तीन झाडाव्या. हरणाच्या काळजाची आणि फुप्फुसांची जागा सुमारे ८ इंचांची, म्हणजे लहानशा ताटलीएवढी. तिन्ही भोके तिच्यात मावली पाहिजेत. मास्तराला हे लगेच पटते. पाठ्यपुस्तक सरासरी मुलासाठी लिहिलेले असते, आणि सरासरी मुलगा कोणत्याच वर्गात बसलेला नसतो.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लांबवर अचूक मारणारी रायफल असताना हरणावर ही बंदूक का? आयोवा, इलिनॉय, ओहायो हे सपाट आणि वस्तीचे प्रांत. चुकलेली रायफलीची गोळी मैलांपलीकडच्या घरात शिरेल, या भीतीने तिथे बराच काळ हरणासाठी रायफलीला बंदी होती. अलीकडे ती काही अंशी सैल झाली आहे; ओहायोत २०१४ पासून ठरावीक काडतुसांच्या रायफली चालतात. कायद्याचा हेतू चांगलाच होता. पण त्याचा जमाखर्च कोणी मांडला का? माणसाच्या सुरक्षिततेसाठी शिकाऱ्याच्या हाती कमी अचूक हत्यार आले, आणि त्या उणेपणाची किंमत हरणाच्या नावे पडली. पोटात गोळी लागलेले हरीण तासन्तास जिवंत राहते, झाडीत जाऊन पडते, आणि पुष्कळदा सापडतही नाही. ही किंमत हरणाने भरायची नसेल, तर शिकाऱ्याने ती आपल्या मेहनतीने भरली पाहिजे. चोक तपासणे म्हणजे तो हप्ता भरणे.

यावर कोणी म्हणेल, ही खाटकाची दया झाली. मारायचेच तर सुबक मारण्याचे कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे, आणि कौशल्याने हत्या धुऊन निघते असे मी म्हणत नाही. आपल्या पुराणांनीही तसे कधी म्हटले नाही. दशरथाचा बाण अचूक होता. पाणी भरणाऱ्या श्रावणाला तो आवाजावरून बरोबर लागला. जरा व्याधाचा बाणही अचूक होता. ज्याला तो हरीण समजला, तो श्रीकृष्णाचा पाय होता. दोघांचाही नेम चुकला नव्हता. चुकले ते हे, की जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे असे धरून त्यांनी बाण सोडला.

म्हणून कागदावरच्या भोकांचा खरा उपयोग मला वेगळाच दिसतो. ती शिकाऱ्याला त्याची शक्ती सांगतात त्याहून अधिक त्याची सीमा सांगतात. ५० यार्डांवर भोके ताटलीत मावली आणि ७५ यार्डांवर पांगली, तर ७५ यार्डांवरचे हरीण त्या बंदुकीपुरते अवध्य झाले. विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले की चोक कोणाचाही ऐक, पण निकाल कागदाचा मान. आणि कागद जिथे थांबायला सांगेल, तिथे थांब.

हे थांबणे सोपे नसते. थंडीत पहाटेपासून ताटकळल्यावर समोर हरीण उभे राहते, तेव्हा हात शिवशिवतात आणि ७५ यार्ड ६० वाटू लागतात. त्या क्षणी मन न्यायाधीश राहत नाही, पक्षकार होते. विवेकाला निवांत वेळ मिळतो तो आधी, हरीण दृष्टीच्या टप्प्यातही नसताना, मोकळ्या शेतात एका कागदासमोर. जो निर्णय तिथे झाला नाही, तो पुढे होण्याचा संभव थोडा. मग मारावे की नाही हा मोठा प्रश्नही, ज्याने हा लहान प्रश्न मनापासून सोडवला, त्यालाच पुढे कधीतरी नीट विचारता येईल.